तोंडात खिळे धरून बोलणारा भिया

१९९४ साल. मी पंचेचाळीस वर्षांचा होतो आणि माझा हरण्या बैल भरबाजारात चारी पाय बांधून आडवा पडला होता. त्याची शिंगं जमिनीला दाबून मी त्याच्या मानेवर बसलो होतो. मागं खुरापाशी एक काळा, काटक माणूस उकिडवा बसलेला. हातात हातोडी, ओठांच्या कोपऱ्यात पाच-सहा खिळे धरलेले. ते खिळे न काढताच तो मला म्हणाला, "भिया, बसलाच हाईस तर एक गोष्ट ऐक."

ज्यानं बैल पाळले त्याला सांगायला नको, पण आताच्या ट्रॅक्टरवाल्या पोरांसाठी सांगतो. बैलाच्या खुराला पत्री, म्हणजे लोखंडी नाल, ठोकताना मालकाला उठता येत नाही. मालक उठला की बैल झटका देतो, आणि लाथ बसते ती ठोकणाऱ्याच्या तोंडावर. दुभंगलेल्या खुराला दोन-दोन, अशा चारी पायांच्या आठ पत्र्या होईस्तोवर मालक जागचा हलायचा नाही. अशा अडकलेल्या माणसाला हा बाबा येशू ख्रिस्ताची गोष्ट सांगायचा. पळून जाणार कुठं? लोक हसायचे. "आज कोन बसलंय रं आठ पत्र्यांच्या कीर्तनाला?" असं लांबून विचारायचे.

आमचं गाव वारंगा फाट्यापासून आत, सायकलीनं तासाभराच्या वाटेवर. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, कचेरीच्या कामाला परभणी गाठावी लागायची. हा माणूस फाट्यावर टायरच्या दुकानामागं पत्र्याच्या खोलीत राहायचा आणि बाजाराच्या दिवशी सायकलीला दोर, ऐरण, पत्र्यांची पिशवी बांधून आमच्याकडं यायचा. जन्म बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा. तांड्यावर भावाला भिया म्हणतात. तो पाटलालाही भिया म्हणायचा, भंगारवाल्यालाही भिया म्हणायचा, म्हणून सगळा बाजार त्यालाच भिया म्हणायला लागला.

पहिल्याच दिवशी माझं आणि त्याचं वाजलं. तो सांगत होता की देव गोठ्यात जन्माला आला, गव्हाणीत निजला. मी म्हणालो, "गोठ्यात जन्मला तर बैलाचा देव असंल. मानसाचा काहून?"

तो हातोडी न थांबवता म्हणाला, "बैलाला तवाच कळलं, भिया. मानसाला अजून कळून राहिलं न्हाई."

भोवतीची माणसं खो-खो हसली. मी दुसरीत शाळा सोडलेला माणूस, पण वादात कुणाला हार गेलेलो नाही. त्या दिवशी मात्र मी हरण्याची शिंगंच आणखी जोरानं दाबली. बैलाच्या मानेवर बसून माणसाचं डोकं नीट चालत नाही, एवढंच मी म्हणेन.

भियाची एक खोड होती. काम संपलं की गोष्ट जिथं असेल तिथं सोडायचा. दोर सैल करून बैलाच्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "बाकीची पुढल्या पत्रीला." एकदा त्यानं बापाकडून वाटणी मागून घर सोडून गेलेल्या पोराची गोष्ट काढली. पोरानं सगळं उधळलं, उपाशी पडलं, दुसऱ्याची डुकरं राखायला लागलं, आणि नेमकी तिथं आठवी पत्री बसली. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मंग? बापानं घेतलं का त्याला घरात?" मला काय माहीत? भियाला जाऊन विचारावं तर माझ्यासारख्यानं त्याच्यापुढं मान झुकवल्यासारखं झालं असतं. मी पुढच्या पत्रीची वाट बघितली. त्या दिवसांत मी हरण्याला मातीची वाट सोडून मुद्दाम डांबरी सडकेवरून हाकायचो, म्हणजे पत्री लवकर झिजावी, असं बायको अजून सांगते. खोटं आहे ते. डांबरीची वाट जवळची होती.

बापानं पोराला पळत जाऊन मिठी मारली, हे ऐकलं तेव्हा मी बैलाच्या मानेवरून म्हणालो, "आपला बाप असता तर काठी घिऊन पळाला असता."

"व्हय," भिया म्हणाला, "म्हनून तर सांगून राहिलो. आपल्या बापावानी न्हाई तो."

हे तो कुणाच्या जिवावर सांगायचा, ते मला पुढं कळलं. त्याच्या स्वतःच्या तांड्यानं त्याला टाकलं होतं. दवाखान्यात मरायला टेकलेला असताना कुण्या परक्या माणसानं त्याच्यासाठी प्रार्थना केली, तो उठला, आणि मग त्यानं येशूला धरलं. तांड्याच्या नायकानं त्याला चारचौघांत विचारलं, "सोडतोस का?" हा म्हणाला, "न्हाई." तेव्हापासून तांड्यात त्याला कुणी पाणी द्यायचं नाही, हाक द्यायची नाही. सख्खा धाकटा भाऊ, किसन, त्यानंही दार लावून घेतलं.

तरी दर होळीला हा तांड्यावर जायचा. होळी म्हणजे तांड्याचा मोठा सण, माणसं दूरदूरच्या कामावरून परत येतात. हा वेशीच्या लिंबाखाली उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "भिया, एक गोष्ट हाय." लोक तोंड फिरवायचे. पोरं शेण मारायची. एका होळीनंतर बाजारात आला तर कानामागं शेण वाळलेलं. मी म्हणालो, "धुऊन तरी यायचं, भल्या मानसा."

"घरच्या गायीचं शेन हाय, भिया," तो हसून म्हणाला. "वासावरून वळखलं. मंजे घरच्यानीच मारलं."

त्याची बायको धर्मीबाई, तिनं मात्र त्याला सोडलं नाही. ती माझ्या बायकोला म्हणाली होती, "याच्या देवाचं मला आधी काई कळलं न्हाई वो बाई. पर याआधी हा दारू पिऊन मला मारायचा. जो देव ह्याचा हात धरतो, तो मला बी चालतो." यापेक्षा सरळ साक्ष मी कुठल्या शिकलेल्याच्या तोंडून ऐकली नाही.

कालव्याचं पाणी आलं तसा आमच्याकडं ऊस वाढला. हंगामात कारखान्यावर जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग लागायची, आणि डांबरीवर बैलांच्या पत्र्या भराभर झिजायच्या. भियाला हंगामाचे चार महिने म्हणजे वर्षाची भाकर. गाड्यांचा मुकादम आमच्याच गावचा, माणूस तसा वाईट नव्हता, पण गावातल्या काही जणांनी त्याचे कान भरले. हा बाजारात लोकांना बाटवतो, गरिबाला नादी लावतो, ह्याला माणसामागं पैसे मिळतात. मुकादम एका बाजारी चारपाच माणसं घेऊन भियापुढं उभा राहिला. मी पलीकडं भेळ खात होतो, माझ्या कानानं ऐकलेलं सांगतो.

मुकादम म्हणाला, "भिया, तुझ्या हाताला तोड न्हाई. हंगामातल्या समद्या जोड्या तुझ्या. फकस्त तोंड बंद ठेव. पत्री ठोक आन घरी जा."

"आन बोललो तर?"

"तर एक बी बैल तुझ्याकडं येनार न्हाई. माझ्या गाड्यांचा न्हाई, गावाचा न्हाई."

"लोकं म्हनतात तुला मिळतात पैसे मानसामागं," दुसरा एक जण बोलला.

"मिळत असते," भिया म्हणाला, "तर हिचं सीट तरी बदललं असतं." त्यानं सायकलीकडं बोट केलं. सीटच्या जागी पोतं गुंडाळलेलं होतं. दोघंतिघं हसले. मुकादम हसला नाही.

मग भियानं तोंडातले खिळे काढले. एकेक करून तळहातावर घेतले. तोवर मी त्याला खिळे काढून बोलताना कधी बघितलं नव्हतं. तो म्हणाला, "मुकादम, पोटासाठी मी खिळे तोंडात धरतो. पर तोंड देवानं खिळे धरायला न्हाई दिलं. मला बोलू द्या. बैल देयाचे का न्हाई, ती तुमची मर्जी."

मुकादमानं शब्द खरा केला. वसमतकडून दुसरा ठोकणारा आणला. पुढच्या बाजारी भिया आला, बाजारातल्या लिंबाखाली दोर मांडला, ऐरण मांडली, पत्र्या मांडल्या, आणि बसला. एकही बैल आला नाही. त्याच्या पुढच्या बाजारीही नाही. फाट्यावर धर्मीबाई हॉटेलात भांडी घासायला जायला लागली. माझी बायको म्हणाली, घरात चूल एकदाच पेटून राहिली त्यांच्या. सगळ्यांना वाटलं, आता हा येऊन मुकादमाचे पाय धरणार.

पण गंमत अशी की बैल नाही म्हणजे अडकलेला माणूसही नाही. आता सांगायचं कुणाला? मग भिया उठून उभा राहिला आणि जाणाऱ्या-येणाऱ्या बाजाराला सांगायला लागला. अरे देवा! उभं राहून त्याला बोलताच येईना. आयुष्यभर खुराकडं बघून, हातोडीच्या तालावर बोललेला माणूस. हात मोकळे, तर शब्दच फुटेना. "देव... मंजे तो... भिया, ऐका..." एवढ्यावरच गाडी अडायची. माणसं टाळ्या पिटायला लागली. कुणी सडकं वांगं मारलं. तो गप खाली बसला, ऐरणीवर एक जुनी वाकडी पत्री घेतली, ती ठोकून सरळ करत सांगायला लागला, आणि मग गोष्ट नदीसारखी चालू झाली. पत्री सरळ झाली की पुन्हा वाकडी करायचा, पुन्हा सरळ. बाजार उठेस्तोवर. ऐकायला कुणी नाही. कुणीतरी दगड मारला, भुवईवर लागला. त्यानं गमछा बांधला आणि पुढं चालू.

मी माणूस हट्टी. गावानं एक म्हटलं की मला दुसरं सुचतं, हे गावालाही माहीत आहे. त्याच्या देवाशी मला तेव्हा काही देणंघेणं नव्हतं. पण एका माणसाचं तोंड बंद करायला सगळं गाव लागतं, हे माझ्या डोक्यात जाईना. पुढच्या बाजारी मी हरण्याला कासऱ्याला धरलं आणि भरबाजारातून चालवत लिंबाखाली आणलं. मुकादम किराणा दुकानाच्या पायरीवर बसलेला. तो ओरडला, "दादाराव, काय ठरलं हाय ठावं हाय ना?"

"तुमचं ठरलं असंल," मी म्हणालो. "माझा बैल माझ्या दावनीला असतो, तुमच्या न्हाई."

भियानं हरण्याचा पाय उचलून बघितला, दुसरा बघितला. मग माझ्याकडं बघून हळू म्हणाला, "भिया, याच्या पत्र्या तर नव्या हाईत."

होत्याच नव्या. महिनाही झाला नव्हता. मी म्हणालो, "मी बैल आनलाय. पाडायचा का न्हाई ते सांग."

"मुक्या जनावराला उगी काहून तकलीफ?" त्यानं कासरा लिंबाला बांधला. "त्याला उभाच राहू दे. तू बस."

झाली का पंचाईत! बैलाच्या मानेवर बसणं वेगळं. तिथं माणूस म्हणू शकतो, काय करू, अडकलो. आता माझ्याखाली बैल नव्हता. कधीही उठून जाता आलं असतं. सगळा बाजार बघत होता, मुकादम पायरीवरून उठून पुढं आला होता. मी मांडी घातली आणि बसलो. म्हणालो, "सांग."

त्यानं वाकडी पत्री ऐरणीवर घेतली आणि सांगितलं. निरपराध असून धरलेल्याची, मारलेल्याची, खिळ्यांनी ठोकलेल्याची गोष्ट. मारणाऱ्यांना माफ कर म्हणून बापाकडं मागणाऱ्याची. त्याच्या भुवईवरची जखम अजून ओली होती. गोष्ट संपली तरी मी बसून राहिलो. आतापर्यंत त्याची गोष्ट अर्धी राहायची, त्या दिवशी पहिल्यांदा ती एका बैठकीत पुरी ऐकली.

त्या हंगामात माझ्या उसाची तोड मागं पडली. मुकादमाच्या गाड्या माझ्या बांधावरून पुढं जायच्या. ऊस वाळला, तुरे आले. भावकीनं लग्नाचं आवतन दिलं नाही. मी कुणाला विनवणी केली नाही. पण भियाच्या लिंबाखाली पुढच्या बाजारी माझ्या शेजारी एक म्हातारा आपला बैल घेऊन आला, म्हणाला, "वसमतवाला खूर लई तासतो, माजा बैल लंगडून राहिला." मग आणखी एक आला. होता होता मुकादमाच्याच गाडीवानांनी बैल आणले. मुकादमानं तिकडं बघणं सोडलं. भिया कुणाला काही टोचून बोलला नाही. खिळे तोंडात धरले आणि म्हणाला, "बसलाच हाईस तर ऐक."

मी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर किती तरी वर्षांनी. मी लवकर मान टाकणारा नाही, देवापुढंही नाही. ते ठरलं तेव्हाही भियानं घोळ घातलाच. हिंगोलीहून चर्चचे पाळकसाहेब यायचा दिवस ठरवला, कालव्यात बाप्तिस्मा म्हणून सांगितलं, आणि पाण्याची पाळी कधी सुटणार हे विचारायचं राहून गेलं. पाळकसाहेब पांढऱ्या कपड्यात आले तर कालव्यात धूळ. शेजाऱ्याच्या विहिरीवर गेलो तर तो म्हणाला, "माझं पानी बाटंल." शेवटी माझ्याच गोठ्यापुढचा जनावरांचा हौद. लाईट गेलेली, मोटार बंद. भियानं आणि धर्मीबाईनं बादल्यांनी हौद भरला. मी त्या हौदात बसून, मागं लवून, पाण्याखाली गेलो. वर आलो तर हरण्याच्या जागेवरचा नवा गोऱ्हा पाणी प्यायला मान पुढं करून उभा. भिया रडत होता आणि हसत होता. गावात लोक विचारायचे, "दादाराव, किरिस्ताव झालास व्हय?" मी म्हणायचो, "झालो. कुनाला काही म्हनायचं हाय?" कुणी काही म्हणायचं नाही. माझ्या तोंडाला लागायला तशी हिंमत लागते.

पुढं ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, आणि एका पावसाळ्यात भियाला लकवा मारला. उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. मुकादमाला, गावाला, तांड्याला जे जमलं नाही ते दुखण्यानं केलं, असं मला वाटलं. पण धर्मीबाई त्याला जीपमध्ये घालून बाजारात आणायची. तो लिंबाखाली बसून बोलायचाच. शब्द कुणाला कळायचे नाहीत, तोंडातून लाळ गळायची. मला कळायचे. मी शेजारी बसून मोठ्यानं सांगायचो, "भिया म्हनतो..." चुकलो तर तो डाव्या हातानं माझ्या मांडीवर चापट मारायचा. मी पुन्हा नीट सांगायचो. मी लोकांना बजावून ठेवलं होतं, हे बोलणं त्याचं आहे, मी नुसतं पोचवतो. उपदेश करणं हे माझं काम नाही, असं मी त्यालाही सांगितलं होतं. तो माझ्याकडं बघून तोंड वाकडं करून हसायचा.

२००७ साली तो गेला. फाट्याच्या मागं माळावर, एका भल्या शेतकऱ्यानं दिलेल्या कोपऱ्यात त्याला मूठमाती दिली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. माणसं थोडी होती. मी मान वर केली तर लांब बाभळीखाली पाच-सहा जण उभे. तांड्यावरचे. पुढं कुणी येईना. सगळं झाल्यावर त्यांच्यातला एक जण डोक्याचा पटका काढून हातात धरून माझ्याकडं आला. नाक, कपाळ, सगळं भियाचं. किसन, त्याचा धाकटा भाऊ. आता तोही म्हातारा.

त्यानं मातीच्या ढिगाकडं बघितलं. मग म्हणाला, "होळीला दरसाल येयाचा. शेन खायाचा, दगड खायाचा, आन परत येयाचा. एवढं काय सांगायचं होतं वो त्याला?"

"तुमी कवाच ऐकलं न्हाई?" मी विचारलं.

"ऐकू दिलंच न्हाई नायकानं. आन नायक मेला तरी आमी बी ऐकलं न्हाई." तो पटका पिळत होता. "तुमी त्याच्यासंगं राहिलेले. तुमाला ठावं असंल."

धर्मीबाई माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि पहिल्या जीपनं तांड्याच्या वाटेवर उतरलो. वेशीतून आत गेलो, कुणी अडवलं नाही. कुत्री भुंकली, बाया चुलीपुढून उठून दारात आल्या. किसन ओट्यावर बसला होता. मी त्याच्यापुढं मांडी घालून बसलो, घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली.